‘ओढत होता का?’

भारतातून फोन येतो. ओळखीतल्या कुणाला हार्ट अटॅक आलेला असतो, नाहीतर कुणाच्या फुप्फुसात गाठ निघालेली असते. आपण ‘अरेरे’ म्हणतो, वय विचारतो, मुलं काय करतात ते विचारतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘ओढत होता का?’ पलीकडून ‘हो ना, रोजचं एक पाकीट’ असं उत्तर आलं की मनातली खळबळ जरा शमते. ‘छे हो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं’ असं उत्तर आलं तर मात्र फोन ठेवल्यावरही आपण बराच वेळ अस्वस्थ असतो.

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. त्यात दुष्टपणा नसतो. पण नीट पाहिलं तर त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. एक कारणाचा : हे कशामुळे झालं? दुसरा दोषाचा : ही कुणाची चूक? दोन्हींचं उत्तर ‘सिगरेट ओढणारा’ असं एकाच शब्दात देता येतं, म्हणून प्रश्नही एकच आहे असं आपण धरून चालतो. तो एक नाही. या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे माणसांचं खरोखरीचं नुकसान होतं, असं मला वाटतं.

मी डॉक्टर नाही आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यासकही नाही. एम.एस. करायला या देशात आलो आणि गेली अनेक वर्षं कंपन्यांच्या संगणकप्रणाली का कोलमडतात ते शोधून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मध्यरात्री सिस्टीम बंद पडली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. त्या बैठकीचा पहिला नियम असा, की कारण शोधायचं, गुन्हेगार शोधायचा नाही. हा भलेपणा नव्हे, व्यवहार आहे. ‘अमक्याने चुकीची फाईल चढवली’ हे एकदा ठरलं की शोध तिथेच थांबतो. चुकीची फाईल प्रणालीने स्वीकारलीच कशी, ही चूक कुणाच्या लक्षात का आली नाही, हे प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय पुढच्या वेळी चूक करणारा माणूस ती लपवतो. ही दुसरी गोष्ट जास्त महाग पडते.

तर आधी कारण. इथे मी काहीही गुळमुळीत करून सांगणार नाही.

आपल्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे मुंबईच्या हिशेबात दोन बेडरूमचा फ्लॅट. एवढ्या पातळ, ओलसर पडद्यातून प्राणवायू रक्तात शिरतो. तिथपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते धूळ आणि कफ सतत वर लोटत राहतात. सिगरेटचा धूर या झाडूवाल्यांना आधी लुळं करतो आणि पुढे नष्ट करतो. मग त्यांचं काम खोकल्याला करावं लागतं. ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला म्हणतात तो हाच. वर्षानुवर्षं धूर जात राहिला की वायुकोशांच्या भिंती फाटतात आणि अनेक छोट्या कोशांचा एक मोठा, ढिला कोश होतो. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. या भिंती पुन्हा बांधल्या जात नाहीत. शिवाय या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली निदान सत्तर कर्करोगाला कारण होऊ शकतात.

फुप्फुसांचं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. रक्ताभिसरणाचं कमी ठाऊक असतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे रक्त वाहत राहतं पण त्यातला प्राणवायू कमी होतो. त्याच वेळी निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, म्हणजे हृदयाला प्राणवायू जास्त हवा असतो. मागणी वाढली आणि पुरवठा घटला. रक्तवाहिन्यांचं गुळगुळीत अस्तर दुखावतं, त्यात चरबीचे थर साचतात, प्लेटलेट्स चिकट होतात आणि रक्त गोठायला टपून बसतं. असा एखादा थर फुटला आणि त्यावर गुठळी धरली, तर हृदयात अटॅक आणि मेंदूत पक्षाघात. पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या तर बोटं काळी पडून कापावी लागतात. ज्या बर्जर रोगात तरुण माणसांची बोटं अशी जातात, तो जवळजवळ फक्त तंबाखूशी संबंधित आहे, आणि आपल्याकडे विडी ओढणाऱ्या गरीब लोकांत तो पुष्कळ दिसतो.

‘मी फक्त एकच ओढतो’ याचाही हिशेब झाला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार रोज वीस सिगरेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोजच्या एका सिगरेटीनेही येतो. फुप्फुस साधारण प्रमाणात हिशेब ठेवतं, हृदय मात्र पहिल्या झुरक्यालाच मोठी रक्कम वसूल करतं.

इथे कुणीतरी आजोबांना पुढे करतं. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, ठणठणीत होते.’ असतील. आयुष्यभर ओढणाऱ्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त लोक त्यानेच जातात, याचाच अर्थ उरलेले त्याने जात नाहीत. प्रत्येक वेळी न दिसणारा बगही बगच असतो, हे माझ्या व्यवसायबंधूंना वेगळं सांगायला नको.

कारण असं पक्कं आहे. आता दोषाकडे येऊ. त्यासाठी दोन डॉक्टरांची गोष्ट सांगतो.

१९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण शोधत होते. डॉल यांचा सुरुवातीचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता. रुग्णांच्या मुलाखतींतून सिगरेट पुढे आली आणि स्वतः ओढणाऱ्या डॉल यांनी ती सोडून दिली. ते ९२ वर्षं जगले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसचे सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर हाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढण्याची शस्त्रक्रिया १९३३ साली करणारे हेच ग्रॅहम. आधी त्यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. पुरावा पाहिल्यावर विश्वास बसला आणि त्यांनीही सिगरेट सोडली. पण तोवर अनेक वर्षांचा धूर आत गेलेला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले.

ग्रॅहम गेले तेव्हा कुणी विचारलं असतं, ‘ओढत होते का?’ तर उत्तर ‘हो’ असंच होतं. पण त्या ‘हो’मध्ये आपण त्यांचा काय दोष मांडणार? त्यांनी सुरुवात केली तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा त्यांनी जगाला सांगितलं आणि स्वतः सोडली. कारण पूर्ण शाबूत आहे, दोष मात्र हातात येत नाही. दोन्ही एक असते तर असं झालं नसतं.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. आज पाकिटावर भयंकर चित्रं असतात. भारतात २०१६ पासून पाकिटाच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. आजचा माणूस डोळे उघडे ठेवून ओढतो. हा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. कारण ओढायला सुरुवात कोण करतं? अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१२ च्या अहवालानुसार, रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगरेट अठरा वर्षांच्या आत ओढलेली असते. म्हणजे निर्णय सोळा वर्षांचा मुलगा घेतो आणि बिल पंचेचाळिशीच्या माणसाला येतं.

माझ्या पिढीला तो सोळा वर्षांचा मुलगा चांगला आठवेल. १९९६ साली आपण सगळे दूरदर्शनसमोर बसून सचिन पाहत होतो, तेव्हा स्पर्धेचं नावच ‘विल्स वर्ल्ड कप’ होतं. नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या शर्टावरही तेच नाव असायचं. शौर्याचे पुरस्कार ‘रेड अँड व्हाइट’च्या नावाने दिले जायचे. शाळकरी मुलाच्या डोक्यात क्रिकेट, शौर्य आणि सिगरेट ही तीन नावं कुणीतरी पैसे मोजून शेजारी शेजारी ठेवली होती. इथे अमेरिकेत तर १९५४ च्या जानेवारीत तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन छापून लोकांना धीर दिला, की काही सिद्ध झालेलं नाही, तुमच्या आरोग्याची काळजी आम्हालाही आहे. १९९४ साली सात कंपन्यांच्या प्रमुखांनी काँग्रेसच्या समितीसमोर शपथेवर सांगितलं, की निकोटीन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी अनेक दशकं जनतेची फसवणूक केली.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ लिहिलं. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला त्याच्या मर्जीने जगू द्या, हे त्याचं म्हणणं ओढणारे हमखास पुढे करतात. पण त्याच पुस्तकात मिल असंही म्हणतो, की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य माणसाला देता येत नाही, कारण तो व्यवहार स्वातंत्र्यच संपवतो. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि थोड्याच काळात मेंदू त्याच्यावाचून बेचैन होऊ लागतो. सोळाव्या वर्षी केलेला हा सौदा मिलच्या त्या उदाहरणाच्या पुष्कळ जवळ जातो. २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायचीच नाही असा कायदा मालदीवने नोव्हेंबर २०२५ पासून लागू केला. न्यूझीलंडने तसाच कायदा २०२२ साली केला आणि २०२४ साली रद्दही केला. म्हणजे शहाण्यासुरत्या लोकांतही यावर एकमत नाही. पण प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाचा आहे, एवढं तरी त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे हा विचार मिलच्या पुष्कळ आधी झाला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला विचारतो, की मनात नसतानाही, कुणी जबरदस्तीने ढकलावं तसा माणूस चुकीच्या गोष्टीकडे का ओढला जातो? व्यसनाचं याहून नेमकं वर्णन मला इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात मिळालेलं नाही. अठराव्या अध्यायात तर प्रत्येक कृतीची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. या पाचांतल्या एकट्या कर्त्यालाच जो धरून बसतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. आपण ‘ओढत होता का?’ विचारतो तेव्हा नेमकं हेच करतो. पाचांतला एक उचलतो आणि चार सोडून देतो. सोडून दिलेल्यांत जाहिरात असते, कराच्या उत्पन्नावर डोळा ठेवणारी सरकारं असतात. माणसांच्या आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या आपल्या एल.आय.सी.कडे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगरेट कंपनीचे १५ टक्क्यांच्या आसपास शेअर्स असतात, तेही यातच येतं. आणि सोलापूर-सिन्नरकडच्या ज्या बायका विड्या वळून संसार चालवतात, त्याही येतात. त्यांना दोष द्यायला तर जीभच रेटणार नाही.

मग कुणाचीच जबाबदारी नाही का? असं मी म्हणत नाही. जिथे दुसऱ्याच्या छातीचा प्रश्न येतो तिथे जबाबदारी ठाम आहे. १९८१ साली जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी नव्वद हजारांहून जास्त न ओढणाऱ्या गृहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे नवरे ओढत होते त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होत होता. त्यांनी कुठला निर्णय घेतला होता? भारतात मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घातली, ती याच तत्त्वावर. गाडीत मुलं बसलेली असताना काच खाली करून ओढणाऱ्याला बिनदिक्कत टोकावं. तिथे भीड नको.

पण जिथे नुकसान ज्याचं त्यालाच होतं, तिथे आपला न्याय मजेशीर असतो. आपल्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात बटाटेवड्यांसमोरची रांग पाहा. दिवसभर खुर्चीत बसणारे, पोट सुटलेले, निम्मे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आपण सगळे त्या रांगेत असतो. आपल्यापैकी कुणाला अटॅक आला तर ‘वडे खात होता का?’ असं कुणी विचारत नाही. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो, हे माहीत असूनही नाही. या देशात ओबामांच्या आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना तंबाखू घेणाऱ्यांकडून ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता आकारायची परवानगी दिली, वड्यांवर असा हप्ता नाही. १९९३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तर ओढणाऱ्यांना बायपास शस्त्रक्रिया द्यावी की नाही यावरच वाद झाला. ऐपत मोजकी असेल तर ती कुणाला आधी, हा प्रश्न खरा आहे. पण लायकी तपासायला बसलो तर रांगेत कितीजण उरतील?

हा सगळा काथ्याकूट मी करतो आहे त्याला एक निमित्त आहे. आमच्या मंडळातल्या एका मित्राच्या परवानगीने लिहितो. वय ४७, रोजच्या पाच-सहा सिगरेटी, त्याही ऑफिसच्या पार्किंगमध्ये, थंडीत कुडकुडत. गाडीच्या डिकीत वेगळं जाकीट, खिशात बडीशेप. बायकोशिवाय कुणाला पत्ता नाही. दोन दिवस त्याच्या छातीत दडपण येत होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही, आम्लपित्ताच्या गोळ्या खात राहिला. का? ‘पहिला प्रश्न काय येणार ते माहीत होतं,’ तो नंतर म्हणाला. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्येच कोसळला. इस्पितळात नर्सने धूम्रपानाबद्दल विचारलं तेव्हा खोलीत मंडळातली दोन कुटुंबं उभी होती. वहिनी पटकन म्हणाल्या, ‘नो, नेव्हर.’ रात्री सगळे गेल्यावर त्याने स्वतःच डॉक्टरांना खरं सांगितलं. दोन स्टेंट घातले, जीव वाचला. पण त्या दोन दिवसांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग गेला तो गेलाच. त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी केली ती सिगरेटने. दोन दिवस त्याला घरी बसवलं ते लाजेने. आणि ती लाज तो एकटाच घरी घेऊन आला नव्हता, ती आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या पदरात घातली होती.

बैठकीचा तो पहिला नियम आठवा. दोष दिला की माणूस लपवतो. प्रणालीत हे होतं तेव्हा पैसे जातात, इथे हृदयाचे स्नायू जातात.

म्हणून मला वाटतं, जबाबदारीला पुढे पाहणारं तोंड असावं. सोळाव्या वर्षीच्या पहिल्या सिगरेटीचा जाब पन्नाशीच्या माणसाला विचारून काही हाती लागत नाही. पुढची सिगरेट मात्र त्याच्याच हातात आहे, आणि ती न पेटवणं ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणी करू शकत नाही. तिथे त्याची सुटका नाही. पण ते त्याने एकट्याने करावं असंही नाही. निकोटीनचे पॅच आहेत, औषधं आहेत, इथे १-८००-७८४-८६६९ हा मोफत फोन आहे. बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात जमत नाही आणि त्यात नवल नाही.

आणि उशीर झाला असं क्वचितच असतं. त्याच डॉल यांनी ब्रिटनमधल्या चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला आणि २००४ साली हिशेब मांडला. आयुष्यभर ओढणाऱ्यांची सरासरी दहा वर्षं कमी होतात. साठाव्या वर्षी सोडली तर त्यांतली तीन परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत, पण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो आणि हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात निम्म्यावर येतो. शरीर माणसाला आपल्यापेक्षा लवकर माफ करतं.

आपल्या मंडळात रक्तदाबाची, मधुमेहाची शिबिरं होतात. त्यातच ‘सिगरेट सोडायची आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खुर्ची असावी, आणि तिथे बसणाऱ्याकडे वळून वळून कुणी पाहू नये, इतकीच माझी सूचना आहे. आमच्या त्या मित्राने सोडली आहे. मधल्या काळात दोनदा पुन्हा सुरू झाली होती. दोन्ही वेळा त्याने स्वतःहून फोन करून सांगितलं.